चौकोन जुळत नाहीत, परत करायला सांगायचे का?

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न मला असा समजला. इंदिरानगरच्या तुमच्या महिला मंडळात ३८ जणी आहेत आणि क्रोशे येतं त्यातल्या निम्म्यांनाच. हॉलच्या भिंतीसाठी १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच गोदावरीचं चित्र सगळ्यांनी मिळून विणायचं आणि ८ मार्चला लावायचं, असं ठरलंय. प्रत्येकीला ६ इंची चौकोन करायला सांगितले. पहिले तीस आले, पण एक दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. कुणाचा ५ इंच, कुणाचा ७. तेव्हा परत करायला सांगायचं का, आणि लोकर कोणती, किती आणायची?

परत करायला सांगू नका. एकीलाही नाही. आधी हे सांगते, कारण तुम्ही उद्याच ग्रुपवर तसा निरोप टाकाल अशी मला भीती वाटते. तो निरोप गेला की अडतीसच्या बावीस होतात. हे मी स्वतः अनुभवलंय.

मी गेली बावीस वर्षं नाशिकमध्ये क्रोशे शिकवतेय. त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं सामूहिक कामं जास्त केली: सोसायट्यांची, शाळांची, एका वाचनालयाच्या भिंतीचं. त्यावरून सांगते, तुमची खरी अडचण चौकोनांची नाहीच. एका हाताने करायच्या कामाची आखणी तुम्ही अडतीस जणींवर टाकली आहे. एकटी बाई चादर विणते तेव्हा सगळे चौकोन सारखे येतात, कारण हात एकच असतो. हाताची ओढ ही अक्षरासारखी असते. एकच धडा सगळ्यांनी लिहून काढला तरी वह्या वेगळ्याच दिसतात. त्या सारख्या करायला गेलात तर मंडळातल्या चार उत्तम विणणाऱ्या उरतील आणि बाकीच्या चहा करतील. म्हणून हात वेगळे असणार हे धरूनच आखणी करायची, म्हणजे फरक चित्रात जिरतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत. त्या इथून मला दिसत नाहीत. भिंतीला ओल येते का? हॉलमध्ये पश्चिमेचं ऊन थेट येतं का? ८ मार्च अगदी पक्का आहे का, की गुढीपाडव्यापर्यंत सरकू शकतो? पैसे मंडळ देणार की प्रत्येकीने आपली लोकर आणायची? आणि चित्र कायम तिथेच राहणार की अधूनमधून काढून दुसरीकडे न्यायचंय? मी पुढे जे सांगतेय ते कोरडी भिंत, सावली आणि मंडळाचा खर्च धरून. यातलं काही वेगळं असेल तर त्या जागी बदल करा.

आता आखणी. अख्खं चित्र चौकोनांत करायचं म्हटलं तर १२ बाय ६ फुटांत ६ इंची चौकोन बसतात २८८. आडवे २४, उभे १२. आलेख-कागदावर चित्र काढायचं, एकेक घर रंगवायचं आणि प्रत्येकीला घरं वाटायची, हा मार्ग पहिल्यांदा सगळ्यांना सुचतो. मलाही सुचला होता. पण त्यात प्रत्येक चौकोन अचूक लागतो. एक ओळ अर्ध्या इंचाने सरकली की काठ तुटलेला दिसतो आणि बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. निम्म्या जणी शिकाऊ असताना हे करू नका. शिवाय नदी काही चौकोनांत वाहत नाही.

माझा सल्ला असा, की नदी पट्ट्यांची करा आणि चौकोन घाटासाठी, देवळांसाठी, वस्तीसाठी ठेवा. मधला अडीच फुटांचा पट्टा पाण्याचा. पट्टी २ फूट लांब, रुंदी दोन ते चार इंच, जशी येईल तशी. ती आडवी विणायची नाही. दहा-बारा टाक्यांची साखळी घालायची आणि मुक्या खांबाच्या, म्हणजे बुटक्या टाक्याच्या, ओळी करत वर वर जायचं. नवशिकीला दहा टाके मोजता येतात, शंभर येत नाहीत. ओळीही मोजायला सांगायच्या नाहीत, टेपने २ फूट भरले की थांबायचं. कुणाची पट्टी मध्येच अर्धा इंच रुंद होते, कारण कडेचा टाका वाढलेला असतो. कुणाची निमुळती होते, कारण टाका सुटलेला असतो. चौकोनात ही चूक दिसते. पाण्यात ती दिसत नाही, उलट अशा साठेक पट्ट्या एकमेकींवर किंचित चढवून लावल्या की पाणी हलल्यासारखं वाटतं. सरळ कडांच्या पट्ट्यांची नदी मी एकदा केली होती, ती कालव्यासारखी दिसली.

रंगाबद्दल एक सांगू का? सगळ्या जणी निळी लोकर मागतील. तुम्ही जुलैत गोदाघाटावर उभ्या राहिला असाल तर आठवा, पाणी कसं असतं. चहाचं आधण असतं तसं. पूर किती चढला हे नाशिकचा माणूस घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतो, आणि तेव्हा मारुतीभोवती जे फिरत असतं ते निळं नसतं. उन्हाळ्यात पाणी हिरवट असतं. पहाटे रामकुंडापाशी राखाडी. म्हणून मातकट, बदामी, हिरवट, राखाडी आणि थोडी निळी अशा पाच-सहा छटा घ्या. नदी ओळखीची वाटेल.

आणि पाणवेली विसरू नका. नदीवर त्या पसरतात याचं दुःख आहेच, पण चित्रात त्यांचा मोठा उपयोग आहे, कारण ज्यांना मोजणं मुळीच जमत नाही त्यांना मी पाणवेली विणायला देते. २० साखळ्या घाला. पहिली ओळ साधी. पुढच्या प्रत्येक ओळीत एका टाक्यात एक खांब, म्हणजे उंच टाका, त्यापुढच्या टाक्यात दोन, पुन्हा एक, पुन्हा दोन. वीसचे तीस होतात, तिसाचे पंचेचाळीस, मग सदुसष्ट. टाके वाढतात आणि जागा तेवढीच राहते, म्हणून विणकाम आपोआप मुरडतं, झालर येते. यात एखादा टाका चुकला तर कुणालाच कळत नाही, अगदी विणणारीलाही. फक्त चौथ्या ओळीला थांबवा. टाके दर ओळीला दीडपट होतात, त्यामुळे सहाव्या-सातव्या ओळीला गुंडाच्या गुंडा संपतो.

ही झालर गंमत म्हणून आलेली नाही. १९९७ मध्ये डायना ताइमिना या लाटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना अशीच टाके वाढवून आकृती विणली होती. अपास्तीय (हायपरबोलिक) पृष्ठभाग नावाची भूमितीतली एक कल्पना आहे, कडेकडे वाढत जाऊन झालरीसारखा मुरडणारा पृष्ठभाग. कागदाचे नमुने फाटत होते, म्हणून तो पृष्ठभाग हातात धरता यावा यासाठी त्यांनी सुई उचलली. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या दोघी बहिणींनी तीच युक्ती घेऊन २००५ पासून क्रोशाची प्रवाळ-भिंत करायला घेतली. दोघी मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या. तिथला प्रवाळ मरत चालल्याचं त्यांना दाखवायचं होतं. त्यात पुढे जगभरातल्या हजारो हातांनी भर घातली. मला त्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे कुणी मूळ कृती इकडची तिकडे केली तर तो नवा प्रवाळ ठरतो. तुमच्या मंडळात ज्या काकू म्हणतात ना, 'मला नाही गं जमत, माझं वाकडंच होतं', त्यांच्यासाठी ही जागा आधीपासून राखून ठेवा.

आता तुमचे ते तीस चौकोन.

पुठ्ठ्याचा ६ इंची साचा कापा आणि प्रत्येक चौकोन त्यावर ठेवून तीन ढीग करा: लहान, बरोबर, मोठे. लहान आणि बरोबर चौकोनांना शेवटचा फेरा मुक्या खांबाचा घालायचा, एकाच रंगात, मी मातीचा रंग घेते. हा फेरा मात्र ठरलेल्या दोघी-तिघींनीच घालायचा, बाकी कुणी नाही. आमच्या सगळ्या कामांचा जीव या एका फेऱ्यात असतो. आत कुणाचाही हात असो, कडेला एकच ओढ येते. प्रत्येक बाजूला २१ टाके आणि कोपऱ्यात तीन, हा आकडा सगळ्यांसाठी पक्का. आतल्या बाजूला अठराच टाके असले तर तीन ठिकाणी दोन-दोन घालून एकवीस करायचे, चोवीस असले तर तीन जोड्या एकत्र घ्यायच्या. चौकोन पाव इंच कमी-जास्त असला तरी चालतो, बाजूचे टाके सारखे असले की जोडताना टाक्याला टाका मिळतो. ५ इंची चौकोनाला एकाऐवजी दोन फेरे द्या.

७ इंची मात्र ओढून-ताणून लहान करू नका, कधीच नीट होत नाही. ते वेगळे ठेवा आणि त्यांची सगळ्यात खालची ओळ करा, घाटाच्या पायऱ्यांची. पायऱ्या मोठ्या असतातच. ७ इंची सात चौकोन ४९ इंच होतात, ४ फुटांचे इंच ४८. तो एक इंच जोडताना सहज जिरतो. हे ४ फूट कुठून आले ते पुढे सांगते.

पुढच्या चौकोनांसाठी हात बदलायला सांगू नका, सुई बदला. 'जरा सैल विण' म्हटलं की बाई दहा मिनिटं सैल विणते आणि गप्पा सुरू झाल्या की मूळ पदावर येते. ४ मिलिमीटरची सुई धरून सगळ्यांकडून एक-एक नमुना करून घ्या. ज्यांचा लहान आला त्यांना साडेचारची द्या, ज्यांचा मोठा आला त्यांना साडेतीनची. सुईला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे घरी जाऊन बदलणार नाही.

एक गोंधळ तुमच्याकडे झालेला असणार, कारण तो सगळीकडे होतो. जी आईकडून शिकली ती साखळी, मुका खांब, खांब म्हणते. जी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली ती सिंगल, डबल म्हणते. त्यातही अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल म्हणतात त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. म्हणजे 'डबलच्या तीन फेऱ्या' असं तुम्ही ग्रुपवर लिहिलंत तर दोन वेगळ्या उंचीचे चौकोन येणार, आणि दोघीही बरोबर असणार. पाच इंच आणि सात इंचांतला बराचसा फरक इथलाच असेल असं मला वाटतं. पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर सावकाश एक मुका खांब आणि एक खांब घालून दाखवा, त्याचं नाव ठरवा, आणि पुढे तेच वापरा. आम्ही मराठीच नावं ठेवली. मुका खांब म्हटलं की कुणाचाच गोंधळ होत नाही.

लोकरीचं बोलू. लोकर म्हणतो खरं, पण दुकानात मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, आणि भिंतीवरच्या कामाला तीच बरी. हलकी असते, रंग टिकतो, कसर लागत नाही. सुती दोरा दिसायला सुंदर, पण जड. वजनाने खाली ओढला जातो आणि पुन्हा वर येत नाही. शिवाय आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बंद हॉलमध्ये सुताला बुरशी धरते. खरी लोकर महाग, आणि तिला कसर. ॲक्रिलिकचे दोष दोन. इस्त्री टेकली की वितळून चपटी होते, ती कायमची. आणि आगीजवळ फार वाईट, पेटली की वितळून टपकते. हे मुद्दाम सांगतेय, कारण ८ मार्चला तुम्ही उद्घाटनाची समई याच चित्राखाली ठेवाल. ठेवू नका. समई हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि हॅलोजनचा दिवाही चित्रावर जवळून सोडू नका.

याच कारणाने, कुणी म्हणेल की २०२७ च्या सिंहस्थासाठी हे घाटावर लावू, झाडांना गुंडाळू, तर माझा विरोध आहे. ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच. उन्हापावसात त्याचे धागे सुटतात आणि ते नदीत जातात. गोदावरीचं चित्र करायचं आणि त्याचा कचरा गोदावरीतच सोडायचा, हे माझ्या मनाला पटत नाही. बाहेर लावायचंच असेल तर सुती दोऱ्यात करा, चार दिवस लावा आणि उतरवून घरी आणा.

किती लागेल याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आहे. एक पूर्ण झालेला चौकोन काट्यावर ठेवा. मध्यम जाडीच्या लोकरीत ६ इंची चौकोन साधारण १२ ते १५ ग्रॅम भरतो, घट्ट हाताचा जरा जास्त. तुमच्या चित्रात वरखाली मिळून साडेतीन फूट चौकोन आहेत, म्हणजे सात ओळी, १६८ चौकोन. पंधराने धरले तर अडीच किलो. २ फुटी पट्टी क्षेत्रफळाने दोन चौकोनांएवढी, म्हणून ६० पट्ट्यांना पावणेदोन ते दोन किलो. त्यावर कडेचे फेरे, जोडणी, पाणवेली आणि वाया जाणारं मिळून पाचवा हिस्सा. पाच किलोच्या आसपास येतं. कडेच्या फेऱ्याचा जो रंग ठरेल तो मात्र एकाच वेळी सगळा घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. मेनरोड परिसरात दुकानदाराला आधी सांगितलंत तर तो एका लॉटची पाकिटं काढून ठेवतो. दुसऱ्या लॉटचा तोच रंग हातात सारखा दिसतो, भिंतीवर लावला की पट्टा उठून दिसतो. पाण्याच्या पट्ट्यांना हे बंधन नाही. तिथे घराघरांतली उरलेली लोकर खुशाल वापरा. नातवाच्या स्वेटरची, जुन्या टोप्यांची. बायकांना ते फार आवडतं, आणि पैसेही वाचतात.

टोकं लपवायचा नियम पहिल्या दिवशीच करा: ज्याचं टोक त्यानेच लपवायचं. नुसती गाठ मारून दोरा कापला तर गाठ सुटते, आणि भिंतीवर टांगलेल्या कामात ती हमखास सुटते. पाच इंच टोक ठेवायचं, जाड सुईत ओवायचं, एकदा डावीकडे, उलट उजवीकडे, मग आडवं. हे कंटाळवाणं असतं म्हणून सगळ्या जणी ते शेवटच्या बाईवर सोडतात. पहिल्या कामात माझ्याकडे साडेतीनशे शेपट्या आल्या होत्या. मी त्या पंधरा रात्री बसून ओवल्या.

आता ते ४ फूट. अख्खं १२ फुटांचं काम एका तुकड्यात करू नका. ४ फूट रुंद, ६ फूट उंच असे तीन भाग करा. तीन गट बसतात, तीन वेगळ्या घरांत काम चालतं, धुवायला आणि न्यायला सोपं जातं. एका ओळीत आठ चौकोन, पाण्याच्या प्रत्येक ओळीत दोन पट्ट्या. माप पक्कं आणि आत मोकळीक, या रीतीने फार मोठी कामं उभी राहिली आहेत. अमेरिकेत १९८७ मध्ये एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी लोकांनी कापडाचे तुकडे शिवले. प्रत्येक तुकडा ३ बाय ६ फूट, साधारण एका कबरीएवढा, आणि असे आठ जोडून १२ फुटांचा चौरस. त्यावर काय शिवायचं, कशाने शिवायचं हे ज्याचं त्याने ठरवलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला ते पहिल्यांदा अंथरले तेव्हा १,९२० तुकडे होते. माप एक होतं म्हणूनच ते एकत्र अंथरता आले.

प्रत्येक भागाला मागून मांजरपाट लावा. हे टाळू नका. क्रोशाचं काम स्वतःच्या वजनाने लांबतं, सहा महिन्यांत ६ फुटांचं सव्वासहा होतं आणि खालची कड लाटेसारखी होते. मांजरपाट आधी भिजवून वाळवून घ्या, तो आटतो. पन्हा कमी पडला तर जोड उभा द्या, आडवा नको. मग जमिनीवर मांजरपाट पसरा, वर काम ठेवा आणि दर सहा इंचांवर धावदोरा घाला, गोधडीला घालतो तसा. इथे ज्यांना क्रोशे येत नाही त्या बसतात. आपल्या आज्यांना गोधडी घालताना कुणी शिकवलं नव्हतं, चार जणी चार बाजूंनी बसायच्या आणि मध्ये भेटायच्या. तुमच्या मंडळातल्या निम्म्या जणींना हे येत असणार. त्यांना तसं विचारा. 'क्रोशे येतं का' असं विचारलं की त्या मागे सरकतात, 'गोधडी घातलीय का' विचारलं की पुढे येतात. वरच्या कडेला मांजरपाटाचाच नेफा करा आणि त्यात ॲल्युमिनियमची नळी घाला. वजन नळीवर आणि कापडावर येतं, विणीवर येत नाही.

जोडायच्या आधी चौकोन ओले करून, दाबून पाणी काढून, थर्मोकोलवर साच्याच्या मापाला टाचून वाळवायचे. टाचण्या स्टीलच्या घ्या, साध्या टाचण्यांचा गंज उतरतो आणि तो डाग जात नाही. फेब्रुवारीत दुपारच्या वाऱ्यात वाळायला वेळ लागत नाही. हेच पावसाळ्यात दोन-दोन दिवस जातात. आधी आडव्या ओळी जोडा, मग ओळीला ओळ. एकीने विणता विणताच जोडत जायची पद्धत आहे, ती एकटीने करायची. गटात एकीचा चौकोन यायचा राहिला की सगळ्या थांबतात.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: चौकोन परत मागू नका, कडेचा फेरा दोघी-तिघींकडे द्या, नदी पट्ट्यांची आणि पाणवेलींची करा, तीन भाग करा, मागे मांजरपाट.

वेळेचं गणित उलटं मांडा. हात बसलेल्या बाईला एक चौकोन पाऊण तास, नवशिकीला दीड. पण जोडणी, अस्तर आणि नेफा यांना एकूण वेळाचा तिसरा हिस्सा जातो, आणि हा हिस्सा कुणीच धरत नाही. म्हणून ३१ जानेवारीनंतर एकही नवा तुकडा घ्यायचा नाही असं आत्ताच जाहीर करा. अडतीसपैकी दहा जणी गळतील, पाच जणी पंधरा-पंधरा करून आणतील. नेहमी असंच होतं. गळलेल्यांना नावं ठेवू नका, त्या अस्तराच्या दिवशी येतात.

मंडळात कुणीतरी विक्रमाचा विषय काढेल. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत बायकांनी अकरा हजार चौरस मीटरहून मोठी क्रोशाची चादर अंथरून गिनीज विक्रम केला, ते पुष्कळ जणींना ठाऊक असतं. मला त्या कामाचा आदर आहे. पण ते मोजणीचं काम, त्याची शिस्त निराळी. तुम्हाला भिंतीवर बघण्यासारखं चित्र हवंय.

शेवटची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नातलं 'परत करायला सांगायचं का' वाचलं तेव्हा मला तीच आठवली. वाचनालयाच्या त्या भिंतीच्या कामात एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. दिसायचं कमी. त्यांनी सात चौकोन करून पाठवले. एक फारच वाकडा होता, एका बाजूला फुगलेला. आणि सातही चौकोनांत शेवटी टोक लपवायच्या ऐवजी एकावर एक तीन गाठी. दोन दिवस उरले होते. मी तो चौकोन रात्री उसवला आणि त्याच लोकरीने, त्याच रंगांत नीट विणून ठेवला. मला वाटलं, आजींचाच तर आहे.

चित्र लावलं त्या दिवशी आजींना त्यांच्या सुनेने आणलं. भिंतीजवळ खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. खालच्या ओळीपासून बोटांनी चाचपत गेल्या, प्रत्येक चौकोनाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून बघत. सहा सापडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मागच्या बाजूला त्या तीन गाठी होत्या, त्या मी तशाच आत दाबल्या होत्या. सातव्यापाशी आल्या, रंग त्यांना तेवढा कळायचा, त्यांनी कोपरा धरला, पुन्हा धरला, आणि म्हणाल्या, "हा माझा न्हाई. माझी गाठ न्हाई यात." मी तिथेच उभी होते. मला काही बोलता आलं नाही. नंतर घरी जाऊन मी त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मीच उसवला असता." त्यांनी आठवड्याने नवा चौकोन पाठवला, तीन गाठींचा. तो अजून त्या भिंतीवर आहे, आणि मी केलेला माझ्या कपाटात.

तेव्हापासून आमचा नियम आहे, कुणाचाही तुकडा तिला विचारल्याशिवाय उसवायचा नाही. फार वाकडा असला तर तिला बोलवायचं, शेजारी बसायचं आणि कुठे बसवूया ते दोघींनी ठरवायचं. प्रत्येक तुकडा आला की त्याला कापडी फीत टाचायची, त्यावर मार्करने नाव. अस्तर लावताना ती फीत त्याच तुकड्यामागे मांजरपाटावर शिवायची. भिंतीवरून चित्र उचलून मागे बघितलं की सगळी नावं आपापल्या जागी दिसली पाहिजेत. पाणवेलीवाल्यांची, धावदोऱ्यावाल्यांचीही.

आता लगेच करायचं ते एवढंच. तीस चौकोनांचे तीन ढीग करा, प्रत्येक ढिगात किती आले ते मोजा, आणि बरोबर मापाचा एक चौकोन काट्यावर ठेवून ग्रॅम लिहून घ्या. हे आकडे मला कळवा. कुठल्या रंगाची किती पाकिटं आणायची त्याची यादी मी करून देते. आणि कडेचा फेरा घालणाऱ्या दोघी-तिघी ठरल्या की त्यांना एखाद्या शनिवारी दुपारी माझ्याकडे पाठवा, पाच आणि सात इंची असे दोन-दोन चौकोन सोबत घेऊन.